कर्बोदके, वजाबाकीने

नमुना क्रमांक चौऱ्याऐंशी. समुद्री शेवाळाचं सॅलड, खाण्यास तयार.
पाकिटावर एक लाट छापलीय,
लाटेखाली मुंगीएवढ्या अक्षरांत साखर, सोया सॉस, तिळाचं तेल,
आणि समुद्राला कमी पडलेला हिरवा रंग,
त्याला एक नंबरही आहे.

मरोळच्या आमच्या लॅबमध्ये खिडक्या उघडत नाहीत.
समुद्र इथून नक्की कुठल्या बाजूला, पटकन सांगता येणार नाही मला,
पण त्याचे पाच ग्रॅम माझ्या काट्यावर आहेत
चार दशांश स्थळांपर्यंत.

आधी पाणी काढायचं.
एकशे पाच अंशांवर रात्रभर ठेवला की तो सुकून बशीला धरतो,
सकाळी वजन करायचं, जे गेलं ते पाणी.
शंभरातले बहात्तर पूर्णांक चार.
चारशे रुपयांत लोक काय घेऊन जातात
ते अहवालात लिहायला रकाना नाही.

मग भट्टी, साडेपाचशे अंश.
मुशीच्या तळाशी चिमूटभर राख,
इतकी हलकी की फिलोमिना म्हणते, श्वास तिकडे तोंड करून घे.
फिलोमिना गोराईची.
पावसाळा सरता सरता हे वाळूवर ढिगाने यायचं म्हणते,
तिचे पप्पा पाट्या भरून आणायचे,
माडाच्या बुंध्याशी आळं करून त्यात पुरायचे.
नारळ असे धरायचे की बस.
माडाला कोणी विचारलं नाही, बाबा रे, एका सर्व्हिंगला किती?

सर्व्हिंग तीस ग्रॅमची. पाकीट शंभराचं.
छापलंय : सर्व्हिंग्ज तीन पूर्णांक तीन.
तो शेवटचा पूर्णांक तीन कोण खातं?
असतं घरोघरी कोणीतरी,
भांडं विसळायच्या आधी, उभ्यानेच.

प्रथिनं एक पूर्णांक सहा.
मी दोनदा केली, आम्लाचा धूर दोनदा खाल्ला,
दोन्ही वेळा एक पूर्णांक सहा.
मूठभर भिजवलेली मटकी याला सहज मागे टाकेल,
पण मटकीच्या पुडीवर लाट नसते.
सोडियम मात्र आहे, भरपूर, आठशे सत्तर मिलिग्रॅम,
पाकीट उघडून लोणचं बघितल्यासारखं वाटलं मला.

काल आईचा फोन.
शेजारच्या तारामतीच्या सुनेने सांगितलंय, थायरॉइडला हे चांगलं.
गोळी घेते ती, अनशापोटी, अकरा वर्षं.
‘तू तर तेच तपासतेस ना, मग आयोडीन किती ते सांग.’

आईला कसं सांगू, आयोडीन आमच्या यादीत नाही.
तावडे सरांना विचारलं, ते म्हणाले,
ग्राहकाने आठ घटकांचे पैसे भरलेत,
हा नववा.
जे सगळ्यात जास्त समुद्राचं
ते कोणी विचारलं नाही, म्हणून मोजलं नाही.
एका पाकिटात थोडं असेल, दुसऱ्यात आईला सोसणार नाही इतकं.
‘डॉक्टरांना विचार आधी,’ म्हटलं. तिला ते टाळल्यासारखं वाटलं.

रविवारी गेले तर पाकीट ओट्यावर, उघडलेलं.
एक तुकडा जिभेवर ठेवून ती विचारात पडली होती.
‘समुद्र इतका गोड कधी झाला गं?’
मग लिंबू पिळलं, कांदा चिरला, मिरची,
नाचणीच्या भाकरीबरोबर दोन घास खाल्ले,
उरलेलं झाकून माझ्यासमोर सरकवलं.

आज अहवाल.
पाणी, राख, प्रथिनं, स्निग्धांश, सगळं मांडून
शंभरातून वजा करायचं.
उरेल त्याला म्हणायचं कर्बोदके.
सतरा पूर्णांक सहा.
ती कोणी बघितलेली नसतात, वजन केलेली नसतात,
बशीला चिकटून राहिलेलं, भट्टीतून उडालेलं,
माझ्या हाताची थरथर, काट्याचा कंटाळा,
आमच्या सगळ्यांच्या चुका त्या एका आकड्यात जाऊन बसतात
आणि तो पाकिटावर ठळक छापतात.

खाली सही केली.
उरलेला नमुना फ्रीजरमध्ये, नव्वद दिवस.
त्यानंतर तो फेकायचा असतो,
फिलोमिनाने विचारलंय, तिच्या माडाला देता येईल का.